जावयाची पुडी, म्हशीचा पान्हा

विलासराव, तुमच्या तेराव्याला पंगतीतून उठून हात धुताना एक जण म्हणाला, "शेवटी पुडीनंच नेला म्हना की." हळू म्हणाला, पण माझे कान अजून शाबूत आहेत. मी आमटीची बादली खाली ठेवली आणि त्याला सांगितलं, "पुडीनं न्हाई, पोटातल्या गाठीनं नेलं. पुडी अकरा वर्षांमागंच मेली. तिचं तेरावं घालायचं राहिलं, न्हाईतर तुला तवाच जेवायला बोलावलं असतं." तो ओल्या हातानंच निघून गेला. सुनंदा म्हणाली, आई, आजच्या दिवशी तरी. मी म्हटलं, आज नाही तर कधी? उद्या ऐकायला कोण येणार आहे?

तुम्ही असता तर म्हणाला असता, जाऊ द्या मामी. तुमचं ते जाऊ द्या मला कधी जमलं नाही. म्हणून लिहायला बसले. तुमचा जन्म कधीचा, शिक्षण किती, मागं कोण कोण, हे सगळं पत्रिकेत छापून झालं आहे. मला आपलं भांडण लिहायचं आहे. ते अर्धं राहिलं, आणि शेवटचं बोलायची पाळी माझी होती.

सुनंदा तुम्हाला पुण्याहून मिरजगावला घेऊन आली तेव्हा मला वाटलं, टीबी झाला. गालफडं बसलेली, नाकातून सारखं पाणी, मधूनच रक्त. बसल्या जागी पाय हलवत होता. तुम्हाला चहा देऊन मी सुनंदेला गोठ्यात नेलं आणि विचारलं, काय आहे ते सांग. ती म्हणाली, कोकेन. दारू मला माहीत होती, गांजा माहीत होता, हे नाव नवीन होतं. पांढरी भुकटी, पुडीतून येते, नाकानं ओढतात, असं तिनं सांगितलं. ज्याची गाडी तुम्ही चालवत होता त्या मालकाच्या मुलानं लांबच्या फेऱ्यांना डुलकी येऊ नये म्हणून दिली. पहिली त्यानं दिली. पुढच्या तुम्ही स्वतः मिळवल्या, हे तुम्हीच मला पुढं सांगितलंत, मी न विचारता.

माझा स्वतःचा मुलगा असता तर चपलेनं मारून त्याच दिवशी बाहेर काढला असता. पण तुम्ही पडलात जावई. जावयाला पाय धुवायला पाणी ठेवावं लागतं, ताटाखाली पाट द्यावा लागतो आणि अहो-जाहो करावं लागतं. हाकलता येत नाही. त्या रिवाजानं तुम्हाला वाचवलं असं लोक आता म्हणतात. मी एवढंच म्हणते की त्या रिवाजानं माझी फार गैरसोय केली. अकरा वर्षांत तुम्हाला एक शिवी दिली नाही. ज्या द्यायच्या होत्या त्या म्हशीला दिल्या, तुम्ही शेजारी उभे असताना. एकदा तुम्ही विचारलंत, "मामी, ही चंद्रीला व्हती का मला?" मी म्हटलं, ज्याला लागली त्याला.

नगरच्या मोठ्या दवाखान्यात व्यसन सोडवायला तुम्ही महिनाभर राहिलात. गावाच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलं आहे, माझ्या तोंडात नगरच आहे. तुम्हाला आणायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवलं आणि केसपेपरच्या मागं चित्र काढलं. मेंदूतल्या दोन पेशी, मधे फट. माणूस भूक लागल्यावर जेवला, कुणी आपलं माणूस भेटलं, की या पेशीतून एक रस सुटतो, त्याला डोपामिन म्हणतात. तो पलीकडच्या पेशीला जाऊन सांगतो, हे चांगलं होतं, पुन्हा कर. सांगून झालं की पहिली पेशी तो रस एका दारातून परत आत ओढून घेते. कोकेन त्या दारात पाचर ठोकतं. रस परत जात नाही, फटीत साचत राहतो, आणि पलीकडच्या पेशीच्या कानाशी एकच ओरडा चालू राहतो. रोज तेवढा ओरडा ऐकून ती पेशी शेवटी आपले कान कमी करते. मग जेवण, माणूस, सण, पगार, कशाचाच आवाज तिला येत नाही. फक्त पुडीचा येतो, आणि तोही दिवसेंदिवस कमी.

मी म्हटलं, म्हणजे मन कच्चं. बाई म्हणाल्या, मन कच्चं नाही आजी, मेंदू शिकलेला आहे. चुकीचं शिकला, पण पक्कं शिकला. मी विचारलं, मग पुसायचं औषध द्या. त्या म्हणाल्या, ते अजून निघालेलं नाही. वेळ द्यायचा, पुडीपासून आणि पुडीची आठवण करून देणाऱ्या गोष्टींपासून लांब राहायचं, आणि दर आठवड्याला येऊन बोलायचं. एसटीत बसल्यावर मी सुनंदेला म्हटलं, एवढी मोठी डॉक्टरीण आणि औषध काय, तर बोलायचं. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होता. तुम्ही तो कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला होता. पुढं धुण्यात निघाला तेव्हा मी तो वाळवून ठेवला. चित्र पुसट झालं आहे, फट दिसते.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायची, विलासराव, मन घट्ट करा. तुम्ही म्हणायचा, मामी, मेंदूचं काम हाय. मला ती पळवाट वाटायची. ज्यानं त्यानं आपली चूक मेंदूवर ढकलली तर कोर्ट-कचेऱ्या बंद कराव्या लागतील, असं मी तुम्हाला ऐकवलं होतं. तुम्ही ताटातली भाकरी मोडत बसलात. तेव्हा तुम्ही जेवायचात ते मला बघवत नव्हतं. मी हुलग्याचे शेंगोळे करायची, लसूण-मिरचीचं वाटण घालून, ज्यासाठी कर्जतचे पाहुणे वाट वाकडी करून येतात. तुम्ही ते माती चावल्यासारखं चावायचात. विचारलं तर म्हणायचा, चांगलं झालंय. मला तो अपमान वाटायचा. त्यापेक्षा वाईट झालंय म्हटलं असतंत तर चाललं असतं.

त्याच सुमारास मी चंद्री आणली होती, नेवाशाकडच्या एका गोठ्यातून. विकणाऱ्यानं माझ्यासमोर बादलीभर दूध काढून दाखवलं. घरी आणली आणि ती पान्हवेना. रेडकू लावलं, पेंड ठेवली, कास चोळली, आचळ कोरडे. कास भरलेली दिसत होती, पण दूध वर ओढून धरलेलं. जनावरांचा डॉक्टर आला, मानेवर हात फिरवला, टोचल्याच्या गाठी दाखवल्या. म्हणाला, हिला दोन्ही वेळा पान्ह्याची सुई टोचायचे. आता सुईशिवाय हिच्या अंगाला दूध सोडायचं कळतच नाही. गावातली माणसं म्हणाली, मग तुम्हीही टोचा, दहा मिनिटांचं काम. मी म्हटलं, माझ्या गोठ्यात सुई येणार नाही.

रोज पहाटे आणि रोज दिवस कलताना मी तिच्याजवळ बसायची. कोमट पाण्यात फडकं भिजवून कास शेकायची, त्याच जागी, त्याच वेळेला, तीच पेंड, रेडकू तोंडासमोर. सुरुवातीला पेलाभर दूध यायचं. डेअरीवर ते मापात ओतताना सचिव विचारायचा, द्वारकाबाई, म्हैस पाळली का शेळी? मी म्हणायची, तुला पाजायचं नाही, तू माप धर. चंद्रीवर मी ओरडायची, ते तुम्हाला माहीत आहेच, पण एकदाही मारलं नाही आणि एकदाही घाई केली नाही. अडीच महिने गेले. मग एका पहाटे फडकं लावल्या लावल्या तिनं डोळे मिटले आणि दूध सोडलं. धार बादलीवर वाजली. तुम्ही गव्हाणीजवळ उभे होता, झोप येत नसे म्हणून यायचात. मी खुशीत होते. त्या खुशीतच तुम्ही मला पकडलंत.

"मामी, चंद्रीला तुमी कदी म्हनलात का, मन घट्ट कर म्हनून?"

मी म्हटलं, "म्हशीला मन नसतं."

"मग तवा मलाबी नव्हतं. नुसती सुईची सवय व्हती."

मी बादली उचलून आत गेले. तुम्हाला वाटलं, तुम्ही जिंकलात. तसं नव्हतं. मला उत्तर सापडलं नव्हतं, एवढंच. पण त्या दिवसापासून मी तुम्हाला मन घट्ट करा म्हणणं बंद केलं, हे तुमच्या लक्षात आलं होतं का, ते तुम्ही कधी बोलला नाहीत.

आता पाडव्याचं सांगते. ती चूक माझी. तुम्ही ती कधी चारचौघांत काढली नाहीत म्हणून मीच काढते.

पुडी सुटून चार महिने झाले होते. दिवाळीच्या पाडव्याला मी अंगण सारवलं, गेरूचा चौकोन ओढला आणि त्यावर पांढरी रांगोळी घातली. ठिपके न घालता नुसत्या रेघांची, बारीक, लांब, एकाशेजारी एक. माझा हात त्यात चांगला आहे. तुम्ही उटणं लावून, आंघोळ करून, नवा सदरा घालून उंबऱ्यावर आलात आणि थांबलात. रांगोळीकडं बघत राहिलात. मला वाटलं, आवडली. मग तुमच्या कपाळावर घाम दिसला. तुम्ही नाक चोळलंत, दोनदा, तीनदा. आणि त्या रेघांवर पाय देऊन, अनवाणी, फाटकातून बाहेर पडलात.

मला एकच अर्थ लागला. जावई रुसला. आमच्याकडं दिवाळीत जावई रुसणं नवं नाही. कुणाला मोटारसायकल हवी असते, कुणाला घड्याळ, आणि मी तुम्हाला सदरा-टोपीवर भागवलं होतं. सुनंदा म्हणाली, आई, हे दुसरं काहीतरी आहे, त्यांचे डोळे बघितलेस का? मी म्हटलं, तू गप्प बस, जावयाचा रुसवा मला कळतो. पेटीतून सुनंदेच्या वडिलांची अंगठी काढली आणि चालत स्टँडवर आले. तुम्ही बाकावर बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मी सगळ्यांसमक्ष तुमचा हात ओढून घेतला, बोटात अंगठी घातली आणि म्हटलं, "विलासराव, आता राग सोडा अन् फराळाला चला." तुम्ही अंगठीकडं बघितलंत, माझ्याकडं बघितलंत. म्हणालात, तुमी व्हा म्होरं, आलो. स्टँडवरच्या बाया म्हणाल्या, सासू असावी तर अशी. मी ताठ मानेनं परत आले.

तल्लफ उठलेल्या माणसाच्या बोटात सोनं घालून, नगरच्या गाडीसमोर बसवून, मी घरी येऊन पुऱ्या तळायला बसले. नगरहून पुणे किती लांब आहे?

पुढचं तुम्ही मला तुकड्यातुकड्यानं सांगितलंत. पहिली गाडी आली तेव्हा उभे राहिलात. दुसरीच्या पायरीवर एक पाय ठेवलात. कंडक्टर म्हणाला, आत या नाहीतर खाली व्हा, आणि तुम्ही खाली झालात. कसे झालात, ते तुम्हाला सांगता येत नव्हतं. मग कुणाचा तरी फोन मागून डॉक्टरीणबाईंना लावलात. त्या सणाच्या दिवशीही बोलल्या. म्हणाल्या, तल्लफ चढते तशी उतरते, तिला काही दिलं नाही तर ती तिथं कायम बसत नाही. बाकावरून उठू नका, बोलत राहा. तिसरी गाडी आली तेव्हा तुम्ही बोलत होता आणि ती कधी गेली हे तुम्हाला कळलं नाही.

दुपारी फाटक वाजलं. तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी आलात, अंगठी काढून माझ्या पिठाच्या हातावर ठेवलीत.

"मामी, मी रुसलो न्हाई. मला तल्लफ आली. तेवढी रांगोळी पुसा."

पांढऱ्या भुकटीच्या सरळ रेघा. तुम्ही तशाच रेघा आखून ओढायचात, हे मला काय माहीत? पुडी चार महिने नाकाजवळ आली नव्हती, पण नुसती रेघ बघून मेंदूनं कास भरून घेतली. बाईंनी हे आधी सांगितलं होतं, आठवण करून देणाऱ्या गोष्टी म्हणून. मला वाटलं होतं, त्या म्हणजे पुण्यातली हॉटेलं, तिथले मित्र. माझ्याच दारात, माझ्याच चिमटीतून पडलेली लक्ष्मीची रांगोळी त्यात येईल असं कोणत्याही डॉक्टरला सुचलं नसतं. मी ओलं फडकं घेतलं आणि पाडव्याच्या दिवशी, भर दुपारी, सवाष्णीच्या दारातली रांगोळी पुसून काढली. सुनंदा रडत होती. मी तिला म्हटलं, रडायला बसण्यापेक्षा झाडू घे, फटीत राहिली आहे.

शेजारची शकीला फराळाचं ताट घेऊन आली आणि दारातच थांबली. म्हणाली, "द्वारकाबाई, पाडव्याला दारात रांगोळी न्हाई? कुनाचं सुतक हाय?"

मी म्हटलं, "जावयाच्या पुडीचं."

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. तुम्ही चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तो खरा रुसवा होता, आणि त्याला मी अंगठी दिली नाही. तुमचं म्हणणं, मी तुमची अब्रू वेशीला टांगली. माझं म्हणणं, झाकून ठेवलेलं पोसलं जातं. यावर आपलं एकमत कधीच झालं नाही, आणि मी आजही माफी मागणार नाही. पण एक सांगते. शकीलानं दुसऱ्या दिवशी झेंडूची टोपली आणून दिली आणि म्हणाली, रांगोळी पाकळ्यांची काढा. ती गोष्ट गावात फिरली नसती तर ते तिला कसं सुचलं असतं? त्यानंतर स्टँडवर तुम्ही दिसलात की कुणी ना कुणी विचारायचं, विलासराव, कुठं निघाला? तुम्हाला त्याचा राग यायचा. मला यायचा नाही.

वर्ष भरत आलं तेव्हाची गोष्ट. मी शेंगोळे वाढले, तुम्ही दोन घास खाल्लेत आणि थांबलात. म्हणालात, मामी, लसूण जास्त झालाय. सुनंदेनं माझ्याकडं घाबरून बघितलं, कारण माझ्या हाताला नावं ठेवलेली मला चालत नाहीत. मी तुमच्या ताटात आणखी एक पळी वाढली. लसूण खरोखर जास्त झाला होता. तुम्हाला तो लागला. त्या पेशीला कान परत फुटले होते. मी मागच्या दारी जाऊन भांडी घासायला बसले आणि घासलेलीच पुन्हा घासली. आनंद म्हणतात तो मला माझ्या लग्नात झाला नव्हता, तो त्या दिवशी झाला. तुम्ही तिसऱ्यांदा मागून घेतलंत, नावं ठेवत ठेवत.

मग दहा वर्षं तुम्ही माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवलीत. गोठ्यात पाच म्हशी झाल्या, एकीलाही सुई नाही. लोक बिघडलेली म्हैस घेऊन तुमच्याकडं यायचे आणि तुम्ही शेकायचं फडकं हातात घेऊन त्यांना दाखवायचात, जणू ते तुम्हीच शोधून काढलं. मी ऐकून घेतलं.

मागच्या वर्षी पोटात गाठ निघाली. नगरच्या त्याच दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, पसरली आहे, कापून उपयोग नाही, दुखणं तेवढं कमी ठेवू. मॉर्फिनच्या गोळ्या लिहिल्या. तुम्ही कागद परत केलात. म्हणालात, ह्यो त्याच दावणीचा हाय, ह्यो घरात नको. घरी आल्यावर तुम्ही गुडघे पोटाशी घेऊन पडायचात, ओठ चावायचात आणि तरी नको म्हणायचात. मी म्हटलं, विलासराव, दुखतंय तर घ्या, आता काय बिघडायचं राहिलं आहे? तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी विसरणार नाही.

"मामी, जमीन न्हाई, पोर न्हाई. माज्याकडं ही अकरा वर्षंच हाईत. मरायचं भ्या न्हाई मला. पुन्ना तसा व्हऊन मरायचं भ्या हाय."

अकरा वर्षांत पहिल्यांदा मला तुमच्यावर ओरडता आलं नाही. मी त्या जुन्या डॉक्टरीणबाईंना फोन लावून तुमच्या कानाला धरला. त्या म्हणाल्या, दुखण्यासाठी मापात घेतलेली गोळी आणि ती पुडी एक नाही. धोका तुम्हाला इतरांपेक्षा जास्त आहे, हे खरं. म्हणून गोळ्या दुसऱ्याकडं ठेवा, ठरल्या वेळेला घ्या, मधे कळ उठली तर जादाची घ्या, आणि जे वाटेल ते खरं सांगा. दुखणं सोसून कुणी मोठा होत नाही, असंही म्हणाल्या. तुम्ही फोन माझ्या हातात दिलात. मग म्हणालात, मामीकडं द्या. सुनंदेला पाझर फुटंल, मामीला फुटत न्हाई.

तुम्ही मला दिलेला सगळ्यांत मोठा मान तो. मी गोळ्या पेटीत ठेवल्या, किल्ली कमरेला लावली आणि घड्याळाकडं बघून देऊ लागले. चार दिवसांत तुम्ही पाय पसरून झोपायला लागलात. सुनंदेशी बोलायला लागलात, म्हशींची नावं घेऊन विचारायला लागलात. कळ उठली की म्हणायचात, मामी, कळ हाय, आणि मी जादाची द्यायची. यात लाज नव्हती. तुम्हालाही नाही, मलाही नाही.

जायच्या चार दिवस आधीची दुपार. तुम्ही हात पुढं केलात. मी न विचारता जादाची गोळी ठेवली आणि पाण्याचा पेला धरला. तुम्ही गोळीकडं बघत राहिलात.

"थांबा मामी. आत्ता दुखत न्हाई."

मी म्हटलं, "मग हात कशाला केला?"

"नुसतं हवंय. त्ये जुनं हवंय." मग तुम्ही गोळी माझ्या हातावर परत ठेवलीत. "नको. ठिवा आत."

मी ठेवली. तुम्ही उशीला टेकून हसलात, तोंडात दात कमी राहिले होते तरी हसलात, आणि म्हणालात, "बगा मामी, मेंदू अजून इसरला न्हाई." तासाभरानं कळ उठली, तुम्ही मागितलीत, मी दिली, तुम्ही घेतलीत.

तेव्हाच मला उत्तर सापडलं होतं. चंद्रीच्या गोठ्यात जे सापडलं नव्हतं ते. मेंदू विसरला नाही, मग नको कोण म्हणालं? हे मी तुम्हाला विचारायला हवं होतं. पण चुलीवर पेज होती, ती उतू जात होती, आणि मला वाटलं, उद्या विचारू. दुसऱ्या दिवशी तुम्ही जास्त झोपलात, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. चौथ्या सकाळी सुनंदेनं तुमचा हात धरलेला असताना झोपेतच गेलात. मी रडले का, असं शकीलानं विचारलं. मी तिला म्हटलं, ते माझं मी बघेन.

तेरावं उरकून मी उरलेल्या गोळ्या घेऊन नगरला गेले. आधी डॉक्टरीणबाईंना भेटले आणि तो प्रश्न त्यांना विचारला. त्या म्हणाल्या, आजी, नको म्हणतो तोही मेंदूच. कपाळामागं एक भाग असतो, तो लगाम ओढतो. पुडी त्यालाच आधी ढिला करते. वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर तो पुन्हा बळकट होतो. मी ऐकून घेतलं. म्हणजे मेंदूचं तुमचं खरं होतं, विलासराव. हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तुम्ही फुगला असता. पण तो लगाम काही तुम्हाला दवाखान्यातून मिळाला नव्हता. तो तुम्ही स्टँडच्या बाकावर बसून वळला, एकेक पीळ घालून. आयता मिळालेला लगाम वेगळा आणि आपण वळलेला वेगळा. ज्यानं वळला त्याचं नाव त्याला लागतं.

मग गोळ्या परत करायला खिडकीशी गेले. सिस्टरनं पाकीट घेतलं, मोठी वही उघडली आणि परत करण्याचं कारण या रकान्यात लिहिलं, रुग्ण मयत. मी चष्मा लावून वाचलं आणि म्हटलं, हे खोड. ती म्हणाली, आजी, सगळ्यांचं असंच लिहितात. मी म्हटलं, "सगळ्यांचं असंल. माजा जावई मेला म्हनून समद्या न्हाई उरल्या. यातली एक त्यानं हातात घिऊन, शुद्धीवर असताना, परत दिली. तसं लिही." तिनं माझ्यामागं बघितलं. डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, लिहा, बरोबर आहे.

तिनं त्यावर रेघ मारली आणि वर लिहिलं: एक गोळी रुग्णाने स्वतः नको म्हणून परत केली, बाकी मृत्यूनंतर शिल्लक. खाली मी सही केली, अक्षर सावकाश काढून. तिनं शिक्का मारला.

विलासराव, हे आता दवाखान्याच्या वहीत आहे. रुग्णाने स्वतः. मेंदूने असं लिहिलेलं नाही. आपलं भांडण मिटलं, आणि यावर तुम्हालाही काही बोलता येणार नाही.